ऑटो इलेक्ट्रिशियन / ॲक्सेसरीज फिटरचा पगार : कराडात १४ की पुण्यात १९?

निळा_फ्यूज (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कराडात एका गॅरेजवर ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून काम करतो. आयटीआयला मोटार मेकॅनिक केलं, पण हात बसला तो वायरिंगवर. सेल्फ-डायनामो, पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, म्युझिक सिस्टम, रिव्हर्स कॅमेरा, हेडलाइटचं रिले किट, सगळं करतो. गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर मालकाचा आहे. कोड वाचून पुढचं शोधकाम बऱ्यापैकी जमतं.

आता पुण्यात सिंहगड रोडच्या एका ॲक्सेसरीज शोरूममधून विचारणा झालीय. हातात १९,००० आणि वर विक्रीवर इन्सेंटिव्ह. इथे १४,००० आहेत. घरचे म्हणतात जा, पुण्यात पुढे वाव आहे. मी दोन्हीकडचा हिशेब कागदावर मांडला, तो असा:

कराड : पगार १४,०००. संध्याकाळी आणि सुट्टीला ओळखीच्यांची कामं घेतो, त्याचे सरासरी ३,५००. घर स्वतःचं. घरी ६,००० देतो, पेट्रोल २,०००, वरखर्च १,५००. उरतात ८,०००.

पुणे : कॉट बेसिसवर ४,०००, खानावळ ३,६०० (सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी बंद), पीएमपीचा पास १,५००, चहा-नाष्टा १,५००, मोबाइल ३००, महिन्यातून दोनदा घरी जाणं-येणं १,०००, साबण-तेल-औषधपाणी ८००. एकूण १२,७००. उरतात ६,३००. घरी द्यायचे ६,००० त्यातूनच.

म्हणजे पाच हजार जास्त पगार घेऊन मी मागेच जातोय. या लाइनमधल्या लोकांनी सांगावं, माझा हिशेब कुठे चुकतोय का? आणि तुमच्याकडे काय मिळतं, कसं मिळतं, तेही लिहा. आपल्या कामाचे आकडे कुठेच लिहिलेले सापडत नाहीत.

---

घाटमाथा

हिशेब बरोबर आहे. उलट पुण्याचा खर्च तू कमीच धरलायस. कॉटचं डिपॉझिट विसरलास. एक-दोन महिन्यांचं भाडं आधी भरावं लागतं. शोरूम सिंहगड रोडला असेल आणि कॉट तिथेच हवी असेल तर ४,००० त मिळणं अवघड, धायरी-नऱ्ह्याकडे आत सरकावं लागेल. पासचा आकडा मात्र बरोबर. जून २०२५ ला पीएमपीने भाडं वाढवलं तेव्हा मासिक पास १,५०० वर गेला.

आणि शोरूम रात्री साडेनऊशिवाय सुटत नाही. शनिवार-रविवार तर गाड्यांची रांग असते, सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी. संध्याकाळची वरकमाई पुण्यात होणार नाही, कारण संध्याकाळ शिल्लकच राहत नाही.

---

निगडीकर_२४व्ही

मी ट्रक-ट्रेलरचं करतो, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत. आमच्याकडे पगार हा प्रकार थोडा. हाताखालचा पोरगा असेल तर रोजावर ४००-५००, कारागीर असेल तर मजुरीत टक्केवारी. गाळा, बोर्ड आणि गिऱ्हाईक मालकाचं. हत्यारं आणि हात आपला. माझं साठ-चाळीस आहे, साठ मला. चांगल्या महिन्यात ३०,००० च्या पुढे जातं, पावसाळ्यात २०,००० च्या आत येतं. पितृपक्षात गाडीवाला दिवेसुद्धा बदलत नाही.

मोठ्या गाडीत पैसा बरा मिळतो, कारण गाडी उभी राहिली की मालकाचं रोजचं नुकसान होतं. रात्री अकराला फोन येतो, हायवेवर सेल्फ मारत नाही म्हणून. तिथे कुणी मजुरीवरून घासाघीस करत नाही. पण तो जीव धोक्यात घालून कमावलेला पैसा आहे. मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसलो नाही तर काय, हा विचार प्रत्येक वेळी असतो. रिफ्लेक्टरचं जाकीट आणि कोन माझे मी घेतले, कुणी दिले नाहीत. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा बँकेतून मिळतो, पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. या लाइनमधल्या प्रत्येकाने तो आजच काढावा, अगदी हेल्परनेसुद्धा.

---

रानजाई

माझे मिस्टर हडपसरला एका ॲक्सेसरीजच्या दुकानात फिटर आहेत, म्हणून लिहिते. एकट्या माणसाचा हिशेब वर आला, आता कुटुंबाचा बघा.

पगार २२,०००. इन्सेंटिव्ह कधी दीड हजार, कधी तीन, कधी शून्य. वन रूम किचनला ८,५०० भाडं, लाइटबिल-गॅस मिळून दोन हजारांच्या आसपास, किराणा-भाजी-दूध ७,००० त बसवते. मुलगा आरटीईच्या २५ टक्क्यांमधून शाळेत लागला म्हणून फी वाचली, नाहीतर जमलंच नसतं. तरी रिक्षा आणि वह्या-पुस्तकं आहेतच. त्यांच्या गाडीचं पेट्रोल १,८००. इथेच २१ हजार होतात. मी ब्लाउज शिवते, त्याचे चार-पाच हजार येतात, तेवढ्यावर आजारपण, सणवार आणि गावाकडचं येणं-जाणं भागतं.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. नवीन गाडीचं डॅशबोर्डचं पॅनल काढताना आतली प्लास्टिकची क्लिप तुटली की तिचे पैसे यांच्या पगारातून कापतात. गाडी तापलेली असेल तर क्लिप सहज निघते, थंडीत सकाळी तीच काडकन तुटते. त्यात यांचा काय दोष? एकदा एका मोठ्या गाडीच्या पूर्ण ट्रिमचे पैसे तीन हप्त्यांत कापले. गिऱ्हाइकाकडून फिटिंगचे हजार रुपये घेतले, त्यातला एकही रुपया यांना वेगळा मिळत नाही, पण नुकसान झालं की ते मात्र यांचं. भाऊ, तुम्ही जाणार असाल तर हे आधी विचारा आणि लिहून घ्या.

---

निळा_फ्यूज

ताई, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. नक्की विचारतो. इथे गॅरेजवर क्लिप तुटली तर मालक स्वतःच्या डब्यातली देतो, विषय संपला.

---

उद्यमनगर

कोल्हापुरातून लिहितोय. माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, त्याआधी दुसऱ्यांकडे बरीच वर्षं काढली. जरा सविस्तर लिहितो.

भावा, १४ की १९ या प्रश्नात तू अडकू नकोस. आपल्या लाइनमध्ये दोन वेगळी कामं आहेत. एक बसवण्याचं आणि एक शोधण्याचं. बसवण्याच्या कामाचा भाव दरवर्षी उतरतोय. याला कारणं आहेत. पूर्वी रिव्हर्स सेन्सर बसवणं हे प्रत्येक दुकानाचं रोजचं काम होतं. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टचा इशारा, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर कंपनीतूनच बसवून देणं सक्तीचं झालं. एका नियमाने आपलं एक काम गेलं. गाडी सुरक्षित झाली हे चांगलंच, पण फिटरच्या खिशाला त्याची झळ बसली. मग टचस्क्रीन मधल्या मॉडेललाच कंपनीतून यायला लागली. जे उरलं ते कपलरवर आलं. प्रत्येक गाडीसाठी तयार सॉकेट मिळतं, जुनं काढा, नवं लावा. वायर सोलायची गरज नाही, वॉरंटीचा वाद नाही. गिऱ्हाइकासाठी उत्तम. पण जे काम नवखा मुलगा दोन महिन्यांत शिकतो, त्याला मालक जास्त पगार का देईल?

शिवाय प्लेअर आणि कॅमेरा गिऱ्हाईक ऑनलाइन मागवतो आणि फक्त बसवायला येतो. दुकानाचा मालावरचा नफा गेला की मालक तो फिटरच्या पगारातून वसूल करायला बघतो.

आता शोधण्याचं काम घे. रोजचं उदाहरण: 'रात्री गाडी लावली की सकाळी बॅटरी उतरलेली असते.' दोन ठिकाणी बॅटरी बदलून झालेली असते. आपल्याकडे आल्यावर करायचं काय? बॉनेट उघडं ठेवून त्याच्या लॉकमध्ये स्क्रूड्रायव्हरने खटका दाबायचा, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटतं. दाराचंही तसंच. चावी लांब न्यायची, गाडी लॉक करायची आणि थांबायचं. वीस मिनिटं, अर्धा तास, काही गाड्यांना त्याहून जास्त. सगळे ईसीयू (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपल्याशिवाय मोजमाप खोटं येतं. मग बॅटरीच्या वायरला मीटर. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर गाडी निर्दोष. ३०० दिसले तर चोर आत आहे. आता फ्यूज उपटत बसायचं नाही, कारण फ्यूज काढून लावला की झोपलेला ईसीयू पुन्हा जागा होतो. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना टेकवत जायचं. ज्या फ्यूजवर आकडा दिसेल त्या सर्किटमधून करंट वाहतोय. तिथून पुढे वायर धरून जायचं. शेवटी निघतं काय, तर कुणीतरी बसवलेला प्लेअर किंवा जीपीएस, ज्याची मेमरीची वायर आणि इग्निशनची वायर दोन्ही थेट बॅटरीवर जोडल्यात.

यात दोन-अडीच तास जातात. दुरुस्ती म्हणजे एक वायर हलवून तिला सोल्डर आणि स्लीव्ह मारणं, पाच मिनिटांचं काम. आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'एक वायर जोडायचे ८०० रुपये?'

आपली गरिबी इथे आहे. आपण शोधण्याचे पैसे मागतच नाही. बॅटरी विकली की कमिशन, प्लेअर विकला की कमिशन, आणि डोकं चालवलं ते फुकट. म्हणून जो प्रामाणिकपणे शोधतो तो महिन्याला पंधरा कमावतो आणि जो न शोधता बॅटरी विकतो तो पंचवीस. मी माझ्या वर्कशॉपला तपासणीचे ४०० रुपये लावले. पहिले काही महिने लोक परत गेले. आता तीच माणसं इतरांकडून गाड्या पाठवतात.

कुठेही जा, पण जिथे शोधण्याचं काम येतं तिथे जा. ॲक्सेसरीज शोरूममध्ये ते येत नाही.

---

निगडीकर_२४व्ही

+१. फ्यूजच्या डोक्यावर मिलिव्होल्ट बघायची पद्धत मी पण वापरतो. २४ व्होल्टच्या गाडीतही चालते.

---

साधा_गाडीवाला

मी या व्यवसायातला नाही, गिऱ्हाईक म्हणून लिहितो. वरच्या बॅटरीच्या उदाहरणातला माणूस मीच असू शकतो. दोन बॅटऱ्या घेतल्या आणि दोष तसाच. एका जरी ठिकाणी कुणी म्हणालं असतं की 'काय बिघडलंय ते शोधायचे ५०० घेईन, सापडलं की लिहून देईन', तर मी आनंदाने दिले असते. आम्हाला पैसे द्यायला नको असतात असं नाही. आम्हाला दिसत नाही तुम्ही आत काय करता ते. वायर कुठून कुठे गेली याचा फोटो मोबाइलवर पाठवलात, मीटरवरचा आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवलात, तर पैसे मागताना अडचण येणार नाही.

---

शारजा_चिपळूण

आमच्या भागातली बरीच मुलं आखातात याच कामाला येतात, म्हणून इथलं सांगतो. मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आहे. इथे नुसता इलेक्ट्रिशियन चालत नाही, एसीचं काम सोबत यावं लागतं. मला २,२०० दिरहम आहेत, राहणं आणि कामावर ने-आण कंपनीची. एका खोलीत सहा जण. जेवण आम्ही मिळून करतो, तरी ५००-६०० जातात, मोबाइल-रिचार्ज वेगळा. घरी १,३०० ते १,४०० पाठवतो. रुपयात चांगले दिसतात. पण दोन वर्षांतून एकदा घरी येणं होतं आणि मधल्या काळात आजारी आई-वडिलांना बघायला कुणी नसतं, तो हिशेब कागदावर येत नाही.

येणाऱ्यांसाठी महत्त्वाचं : एजंटला लाखभर रुपये देऊन येऊ नका. नोंदणीकृत भरती एजंटने भारतात जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर जीएसटी एवढंच घ्यायचं असा नियम आहे. यूएईच्या कायद्यात भरतीचा खर्च मालकावरच टाकलाय. दहावी झालेली नसेल तर पासपोर्ट ईसीआर (परदेशी कामाला जायला सरकारी मंजुरी लागणारा) असतो, मग ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मंजुरी घेतल्याशिवाय कामाच्या व्हिसावर निघू नका. व्हिजिट व्हिसावर आणून कामाला लावणारे भेटतात. तसं अडकलेल्या मुलाला पगार मागायलाही तोंड राहत नाही.

तू आयटीआय केलंयस, एसी शिकून घे. गावात राहिलास तरी उपयोगी पडेल. उन्हाळ्यात एसीच्या तक्रारी निम्म्या इलेक्ट्रिकच्याच निघतात, कॉम्प्रेसरचा क्लच, रिले, प्रेशर स्विच, पंख्याची मोटार.

---

सर्व्हिस_बे_४

मी एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला इलेक्ट्रिकल टेक्निशियन आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये. हा तिसरा रस्ता कुणी मांडला नाही म्हणून लिहितो.

सुरुवात अप्रेंटिस म्हणून झाली. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्याला किमान ७,००० विद्यावेतन. त्यात पुण्यात राहणं म्हणजे घरून पैसे मागवणं, खोटं कशाला बोलू. कायम झाल्यावर १६, आता २४ हातात येतात. पीएफ कापून. आधी ईएसआयही (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापत. ईएसआय २१,००० पर्यंत पगार असेल तर लागू होतं, मी आता त्याच्या वर गेलो, पण वडिलांचं ऑपरेशन त्यातच झालं. तो फायदा १९,००० च्या रोख पगारात मिळत नाही. कामगाराचा वाटा पाऊण टक्का. १९,००० वर १४३ रुपये. आजारी पडून घरी बसलास तर ७० टक्के पगार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो.

म्हणून शोरूमला विचार : १९,००० आहेत ते पीएफ-ईएसआयसकट की नुसते रोख? नोंद हजेरीपटावर होणार का? ओव्हरटाइमचा दर काय? कायद्याने तो दुप्पट आहे. आणि किमान वेतनाचा तक्ता बघून जा. महाराष्ट्रात तीन परिमंडळं आहेत, पुण्याचं आणि छोट्या तालुक्याचं वेगळं, आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. बहुतेक दुकानांत हा तक्ता कुणी बघितलेलाच नसतो.

सर्व्हिस सेंटरचा तोटा : एका कंपनीच्या गाड्या, ठरलेली पद्धत, भाग बदला आणि जॉब कार्ड बंद करा. आर्मेचर उघडून कार्बन बदलणं इथे कुणी करत नाही, अख्खा सेल्फ बदलतात. फायदा : प्रशिक्षण मिळतं. एअरबॅगची पिवळी वायर आणि इलेक्ट्रिक गाडीची केशरी केबल यांच्याजवळ काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे रस्त्यावर शिकता येत नाही, शिकूही नये. तिथे चूक झाली तर हात जातो नाहीतर जीव.

---

निळा_फ्यूज

खूप उपयोगी माहिती. आज शोरूमला फोन करून सगळं विचारलं. पगार पूर्ण रोख, पीएफ-ईएसआय नाही. इन्सेंटिव्ह 'दुकानाचं टार्गेट झालं तर'. तुटफूट फिटरची. ओव्हरटाइम हा शब्द त्यांनी हसण्यावारी नेला.

@उद्यमनगर दादा, तुम्ही म्हणता ते पटतंय. पण कराडसारख्या ठिकाणी शोधण्याचे पैसे लोक देतील का? इथे सगळे ओळखीचे. आणि स्वतःचं करायचं तर स्कॅनरला पैसे कुठून आणू?

---

माण_खटाव

भावा, कराडला राहा म्हणतो मी. तुमच्याकडे ऊस आहे. आमच्याकडच्या दुष्काळी पट्ट्यात इलेक्ट्रिशियनला चार महिने काम आणि आठ महिने वाट बघणं. तुमच्या भागात कारखाने सुरू व्हायच्या आधी दसऱ्यापासून ट्रॅक्टर रांगेत उभे असतात. ट्रॉलीचे मागचे दिवे, रिफ्लेक्टर, हॉर्न, आणि ड्रायव्हरचा टेप, त्याशिवाय तो फडात जात नाही. माझा चुलतभाऊ इस्लामपूरकडे हंगामात फक्त ट्रॅक्टर करतो आणि वर्षाची निम्मी कमाई तिथेच होते.

फक्त एक सांगतो. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांचं काम कधी कच्चं करू नका, पैसे कमी मिळाले तरी. रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून माणसं मरतात. मागचा दिवा लागत नसतो, नाहीतर कपलिंगजवळ वायर घासून तुटलेली असते. वायरला पाइप घाला, सैल लूप ठेवा, सॉकेट चांगलं लावा. ट्रॅक्टरवाला टेपला पाच हजार घालतो आणि मागच्या दिव्याला तीनशे द्यायला कुरकुरतो. तिथे आपण त्याला खडसावून सांगितलं पाहिजे.

---

रानजाई

वरचा प्रतिसाद मिस्टरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, माझं नाव न घालता एवढं लिही : पाठ आणि मान आधी जाते. सीट न काढता डॅशच्या खाली उलटं झोपून काम करायचं, डोकं पॅडलजवळ आणि पाय बाहेर, मालकाला वेळ वाचवायचा असतो म्हणून. पंचवीसला काही वाटत नाही. चाळिशीला रात्री कूस बदलता येत नाही. सीटचे चार बोल्ट काढायला लागणारा वेळ मागून घ्या.

---

उद्यमनगर

@निळा_फ्यूज, दोन्ही प्रश्नांची उत्तरं.

ओळखीचे लोक पैसे देतील का? सगळ्यांकडून लगेच घेता येणार नाहीत. सुरुवात बाहेरच्या गाड्यांपासून कर. हायवेवर आहेस, पुणे-बेंगळुरू रस्ता गावावरून जातो. आणि दुसऱ्या गॅरेजवाल्यांशी बोल. मेकॅनिकला इंजिन येतं, पण चेक इंजिनचा दिवा विझत नाही, एबीएसचा दिवा येतो, तेव्हा तो अडतो. बीएस-६ (धुराचे नवे नियम) आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत सेन्सर इतके वाढले की प्रत्येक मेकॅनिकला महिन्यातून काही गाड्यांना आपल्यासारखा माणूस लागतोच. तो गिऱ्हाइकाकडून स्वतःचे घेईल, तुला तुझे देईल. माझी निम्मी कामं गॅरेजवाल्यांकडून येतात. ते उधारी ठेवतात हे खरं, म्हणून महिन्याच्या शेवटी हिशेब पूर्ण झाल्याशिवाय पुढची गाडी घेत नाही.

गिऱ्हाइकाला ४०० आधी सांग, गाडीला हात लावण्यापूर्वी. काम तुझ्याकडेच केलं तर ते मजुरीतून वजा करायचे का? मी करत नाही. वजा केले की लोकांच्या मनात ते पुन्हा फुकटच होतं. इतरांचं मत वेगळं असू शकतं.

पैशांचं : पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात आपला नाही, त्यामुळे तिथे चकरा मारू नकोस. मुद्रा कर्जाच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत विनातारण मिळतं, उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी आणि स्कॅनरचं कोटेशन घेऊन जा. ती नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. पण स्कॅनर सगळ्यात शेवटी घे. आधी चांगला मल्टीमीटर, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, टेस्ट लॅम्प, पिना न तुटता काढायची हत्यारं, चांगली क्रिम्पिंगची पक्कड. यात दहा-बारा हजार जातील. स्कॅनर कोड दाखवतो, दोष दाखवत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलणारे खूप आहेत, आणि निघते अर्थिंगची गंजलेली वायर.

---

घाटमाथा

वजा करावेत असं माझं मत. लहान गावात चारशे रुपये ही रक्कम मोठी आहे. आधी सवय लागू दे, मग वर्षभराने थांबव.

---

सर्व्हिस_बे_४

मी म्हणतो दोन दर ठेव. कोड वाचून देणं २०० आणि पूर्ण शोधकाम ५००. कोड वाचणं दहा मिनिटांचं आहे, त्याचे ५०० मागितले तर लोकांना लुटल्यासारखं वाटेल.

आणि धागाकर्त्याला : मालकाशी आधी बोल. स्कॅनरची आणि शोधकामाची गाडी आली की त्या मजुरीत तुला टक्केवारी, असं मागून बघ. महिन्याला अशा पंधरा गाड्या असतील, ५०० प्रमाणे ७,५००, त्यातले निम्मे तुझे. म्हणजे पुण्याला न जाता जवळपास १८,००० होतात, घरचं जेवून.

---

निळा_फ्यूज

मालकांशी बोललो. आधी म्हणाले, 'तपासायचे पैसे घेतले तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जाईल.' मग मी वहीतल्या गेल्या महिन्यातल्या गाड्या दाखवल्या, कुठल्या गाडीला किती तास गेले आणि किती मजुरी घेतली. वायपर मोटारच्या एका गाडीला अर्धा दिवस गेला होता आणि बिल झालं होतं २५० चं. ते वाचून ते बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी दिवाळीपर्यंत करून बघू म्हणाले. तपासणी ३००, बाहेरच्या गॅरेजच्या गाडीला ४००, त्यात निम्मे माझे. ओळखीच्यांना नाही, हे त्यांनी निक्षून सांगितलं, ते मी मान्य केलं. शोरूमला 'नाही' म्हणून कळवतोय.

@शारजा_चिपळूण, एसीचं काम शिकायला कुठे जावं? आयटीआयचा कोर्स पुन्हा करणं शक्य नाही.

---

शारजा_चिपळूण

पूर्ण कोर्स नको. कराडात कार एसीचं काम करणारा कुणीतरी असेलच. मालकाला सांगून मार्च ते मे आठवड्यातला एक दिवस त्याच्याकडे जा, त्याच्या इलेक्ट्रिकच्या अडलेल्या गाड्या तू बघ, गॅसचं तो शिकवेल. गेज लावणं, व्हॅक्युम किती वेळ ठेवायचा, गळती कशी शोधायची, एवढं आलं की बाकीचं तुझंच काम आहे. गॅस भरताना चष्मा आणि हातमोजे घाल, तो अंगावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी होते. आणि गॅस किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, अंदाजाने भरू नकोस.